कामासाठी रस्ता बंद करताना: पहिली पाटी लावण्यापासून तीच शेवटी उचलेपर्यंत

वीस मीटर लांबीचा चर खणायचा आहे. गाड्या ताशी ६० किलोमीटरने जातात. एक लेन अडवायची तर किती रस्ता अडवावा लागेल? साइटवर हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, "पंचवीसेक मीटर. मागंपुढं दोन-दोन बॅरिकेड टाकू." खरं उत्तर दोनशे मीटरच्या आसपास आहे, आणि त्यात आधीच्या सूचना-पाट्या धरलेल्याच नाहीत. हा हिशेब पुढे चौथ्या टप्प्यात येईल.

चूक अशी होते की लोक खड्ड्यापासून मोजायला लागतात. खड्डा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, चालकाच्या नसतो. तुम्ही तिथं सकाळपासून उभे आहात आणि तो हा रस्ता आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय, कदाचित पावसात, कदाचित समोर ट्रक असताना. त्याच्या जागेवरून मोजायला लागलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

खाली दिलेले आकडे हिशेबाची दिशा कळावी म्हणून आहेत. तुमच्या रस्त्याला लागू असलेलं मानक किंवा परवान्यातली अट जास्त अंतर मागत असेल तर तीच पाळायची.

## १. आधी ठरवा: किती बंद करायचं?

पर्याय चार असतात: फक्त कडेची पट्टी, एक लेन, एका लेनमधून आळीपाळीने वाहतूक, किंवा पूर्ण रस्ता. सहसा "लोकांना त्रास नको" म्हणून कमीत कमी अडवण्याकडे कल असतो. माझा अनुभव उलटा आहे. दोन रात्री पूर्ण बंद ठेवून काम उरकणं हे आठ दिवस अर्धा रस्ता अडवून गाड्यांच्या अंगाला अंग घासत काम करण्यापेक्षा पुष्कळदा सुरक्षित असतं. मात्र त्यासाठी पर्यायी मार्ग खरोखर चालणारा हवा.

अर्धा रस्ता ठेवायचाच असेल तर उरलेली रुंदी टेपने मोजा, नजरेने नको. ट्रक किंवा बस अडीच मीटर रुंद असते आणि आरसे त्याच्या बाहेर येतात. म्हणून एका लेनला ३ मीटरपेक्षा कमी जागा उरत असेल तर मोठी वाहनं तिथून सोडू नका. दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी चालवायची आणि उरतात साडेपाच मीटरपेक्षा कमी, तर आळीपाळीने सोडा. "सांभाळून जातील" हा काही आराखडा नव्हे.

## २. रस्ता पाहून या, पण पायी नव्हे

पाहणी करायला गेलेला माणूस गाडी कडेला लावतो, पायी फिरतो, फोटो काढतो. पायी चालताना सगळंच वेळेवर दिसतं. तोच रस्ता गाडीतून, नेहमीच्या वेगाने, दोन्ही दिशांनी पार करा. काम रात्रीचं असेल तर रात्री जा.

काय पाहायचं:

- बंदीच्या आधी वळण, चढाचा माथा किंवा पूल आहे का? रांग त्याच्या पलीकडे गेली तर येणाऱ्याला ती दिसणारच नाही.
- पाटी जिथे लावणार तिथे झाडाची फांदी, उभा ट्रक, जाहिरातीचा फलक आड येतो का?
- सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो का?
- बंदीच्या पट्ट्यात कोणती गल्ली, फाटक, पेट्रोल पंप उघडतो? तिथून बाहेर पडणाऱ्याने तुमची एकही पाटी पाहिलेली नसते.
- बस थांबा, शाळा, दवाखाना किती जवळ?

पर्यायी मार्ग असेल तर त्यावरून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहनातून स्वतः जाऊन या. कारमधून सोपं वाटलेलं वळण लांब ट्रकला एका दमात घेता येत नाही. कमी उंचीचा पूल, लोंबणाऱ्या तारा, वजनाची मर्यादा असलेली मोरी, सगळं टिपून ठेवा. एक ट्रक अडकला की पर्यायी मार्गही बंद.

तपासा: ज्या तासाला काम करणार त्याच तासाला पंधरा मिनिटं गाड्या मोजल्या का? चारने गुणलं की तासाचा आकडा मिळतो. रांगेचा अंदाज यावरच बांधायचा आहे.

## ३. परवानगी आणि निरोप

रस्त्याचा मालक कोण आणि वाहतूक कोणाच्या ताब्यात, ही दोन वेगळी कार्यालयं असू शकतात. दोन्हीकडून लेखी हवं. पाणी, गॅस, वीज, केबल यांच्या वाहिन्यांची माहितीही याच वेळी घ्या, कारण खणताना वाहिनी फुटली तर बंदी तासांवरून दिवसांवर जाते.

अग्निशमन, रुग्णवाहिका, बस आणि कचरा उचलणारी गाडी यांना स्वतंत्रपणे कळवा. फक्त "रस्ता बंद" एवढंच सांगू नका. कुठून आत येता येईल ते सांगा, आणि एक फोन नंबर द्या जो रात्री तीनलाही उचलला जाईल. बंदीच्या आतल्या रहिवाशांनाही हेच.

## ४. आराखडा कागदावर उतरवा

हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा टप्पा. चालक ज्या क्रमाने येतो त्या क्रमाने रस्त्याचे पाच तुकडे पाडा.

सूचनेचा पट्टा. इथे फक्त पाट्या. पुढे काम आहे, कोणती लेन बंद आहे, वेग किती. एका पाटीवर एकच गोष्ट. शहरातल्या संथ रस्त्यावर पहिली पाटी शंभरेक मीटर आधी पुरते, मोकळ्या महामार्गावर किलोमीटरभर आधीपासून सुरुवात करावी लागते. आणि हे अंतर मोजायचं रांगेच्या शेपटापासून, पहिल्या कोनापासून (कोन म्हणजे रस्त्यावर ठेवायचा प्लास्टिकचा शंकू) नव्हे. समजा मिनिटाला दहा गाड्या येतात आणि तुम्ही तीन मिनिटं थांबवून धरता. तीस गाड्या झाल्या. दर गाडीला मधल्या फटीसह सात मीटर धरले तर २१० मीटर रांग. तुमची पाटी कोनांच्या १५० मीटर आधी असेल तर ती रांगेच्या मधोमध उभी आहे, आणि मागून ठोकणाऱ्याला ती कधी दिसलीच नाही.

निमुळता पट्टा. इथे कोनांची तिरकी ओळ गाडीला बंद लेनमधून चालू लेनमध्ये नेते. लांबीसाठी वापरात असलेलं एक सूत्र असं: वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत असेल तर अडवलेली रुंदी (मीटर) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. वेग ७० किंवा जास्त असेल तर रुंदी गुणिले वेग, भागिले १.६. साडेतीन मीटरच्या लेनसाठी ४० च्या वेगाला ३६ मीटर, ६० ला ८१ मीटर, ८० ला १७५ मीटर येतात. वेग ४० वरून ८० झाला तर लांबी जवळपास पाचपट होते, म्हणून "मागच्या साइटला एवढेच कोन लावले होते" हा युक्तिवाद चालत नाही. वेग म्हणजे गाड्या प्रत्यक्षात जातात तो, पाटीवर लिहिलेला नव्हे.

या तिरक्या ओळीतल्या दोन कोनांमधलं अंतर मीटरमध्ये वेगाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ठेवा. ६० ला १२ मीटर. पुढच्या सरळ ओळीत दुप्पट चालेल. वळणावर आणि रात्री अंतर कमी करा.

मोकळा पट्टा. निमुळता पट्टा संपला आणि काम सुरू झालं, यांच्या मधली रिकामी जागा. कोन तोडून आत घुसलेल्या गाडीला थांबायला मिळणारी ही एकमेव संधी. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. चालकाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरले तर ४२ मीटर तिथेच गेले, आणि बेताच्या ब्रेकने थांबायला आणखी तेवढेच. म्हणजे ८५ मीटरच्या आसपास. ताशी ८० ला १३० मीटर. इतकी जागाच नसेल तर वेग खरोखर खाली आणा, किंवा मागे धक्का शोषणारी गादी लावलेलं जड वाहन कामाच्या आधी उभं करा.

कामाचा पट्टा. माणसं, यंत्रं, माल. सामान ठेवायची जागा, डंपर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट आत्ताच आखा.

शेवटचा पट्टा. १५ ते ३० मीटरमध्ये कोन परत कडेला आणा आणि "काम समाप्त" किंवा वेगमर्यादा उठल्याची पाटी लावा. ही पाटी विसरली की चालक पुढचे दोन किलोमीटर गोंधळतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या पाट्यांवर विश्वास ठेवत नाही.

आता सुरुवातीचा हिशेब जुळवा: ८१ अधिक ८५ अधिक २० अधिक १५. दोनशे एक.

सावध: मोकळ्या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही. पाइपांचा ढीग नाही, जनरेटर नाही, सुपरवायझरची मोटरसायकलही नाही. जागा रिकामी दिसली की तिथे सामान जमतंच, म्हणून आराखड्यावर लाल पेनाने फुली मारा आणि मुकादमाला प्रत्यक्ष दाखवा.

## ५. सामान

पाट्या आणि कोन मोजून घ्या, वर दहा टक्के जास्त. कोन चोरीला जातात, चिरडले जातात. पाट्यांचा परावर्तक कागद रात्री टॉर्च मारून पाहा, दिवसा सगळेच चकाकतात.

पाटी वाऱ्याने पडू नये म्हणून तिच्या पायावर दगड ठेवण्याची सवय सगळीकडे आहे. गाडीची धडक बसली की तोच दगड उडून मजुराला लागतो. काँक्रीट भरलेले डबे आणि पिंपं त्याहून वाईट. वाळूच्या पिशव्या वापरा, त्या फुटतात आणि जागेवर पडतात.

प्लास्टिकचे मोठे बॅरियर पाणी भरण्यासाठी बनवलेले असतात. रिकामा बॅरियर म्हणजे मोठा कोन, बाकी काही नाही. तो गाडी अडवत नाही. खोल खड्ड्याच्या कडेला पाणी भरलेले, एकमेकांत अडकवलेले बॅरियर किंवा काँक्रीटचे अडसर हवेत. रिबिन ही कुठेच अडसर म्हणून चालत नाही.

## ६. मांडणीचा क्रम

नियम एकच: गाड्या ज्या दिशेने येतात त्या दिशेने मांडत जायचं. पहिली पाटी सर्वांत आधी.

१. समोरून येणाऱ्या वाहतुकीवर परिणाम होणार असेल तर तिच्या पाट्या आधी लावा.
२. मग आपल्या बाजूच्या पाट्या, सर्वांत लांबच्या पाटीपासून.
३. पाट्या पूर्ण झाल्यावरच निमुळत्या पट्ट्याचा पहिला कोन, कडेला चिकटून. तिथून ओळ हळूहळू आत सरकवत न्या. या वेळी मागे लुकलुकणारे दिवे लावलेली गाडी उभी हवी, आणि कोन मांडणाऱ्याने येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड ठेवावं.
४. मोकळा पट्टा, कामाची कड, शेवटचा पट्टा.
५. एकदा गाडीतून पूर्ण पार करून पाहा. मगच यंत्रं आत.

पुष्कळ ठिकाणी जेसीबी आधी पोचतो, चालक तासाचे पैसे लागताहेत म्हणून घाई करतो, आणि पाट्या खणणं सुरू झाल्यावर येतात. पहिला अर्धा तास माणसं उघड्यावर असतात. जेसीबीला बोलावण्याची वेळच पाऊण तास उशिराची द्या.

रस्त्यावरच्या जुन्या पाट्या आणि पट्टे यांचंही बघा. तुमच्या पाटीशी भांडणारी कायमची पाटी झाका. जुना पांढरा पट्टा सरळ खड्ड्याकडे नेत असेल तर तो खरवडून काढा. काळा रंग फासला तर पावसात आणि तिरक्या उन्हात तोच पट्टा पुन्हा चमकून दिसतो.

पूर्ण बंदी असेल तर: "रस्ता बंद" ही पाटी खड्ड्याजवळ लावून उपयोग नाही. चालकाला वळता येईल अशा शेवटच्या चौकात ती हवी, आणि त्याच्याही आधी सूचना. पर्यायी मार्गावर प्रत्येक चौकात बाण लावा, सरळ जायचं असेल तिथेही. जिथे बाण नाही तिथे माणूस चुकतो.

## ७. पायी चालणारे

पादचाऱ्याला तुम्ही वाट दिली नाही तर तो स्वतःची काढतो, आणि ती नेमकी चालत्या गाड्यांमधून जाते. शक्यतो दीड मीटर रुंदीची, सपाट, बॅरियरने दोन्हीकडून वेगळी केलेली वाट द्या. जागा अगदीच कमी असली तरी चाकाची खुर्ची जाईल एवढी तरी हवी. फूटपाथ बंद असेल तर लोकांना मागच्या सुरक्षित ओलांडण्याच्या जागीच पलीकडे पाठवा. खड्ड्यापाशी आणून "आता परत जा" म्हटलं तर कोणीही परत जात नाही.

दृष्टिहीन माणूस काठीने चाचपतो. वरच्या रिबिनीखालून काठी आणि पाठोपाठ पाय आत जातो. म्हणून कठड्याला जमिनीलगत सलग पट्टी हवी. पाट्यांचे पाय, केबल, पाइप या वाटेत येऊ देऊ नका.

## ८. आळीपाळीने सोडताना

दोन्ही टोकांना एकेक माणूस, "थांबा" आणि "जा" अशी दोन तोंडांची पाटी, आणि दोघांकडे वॉकीटॉकी. एकमेकांना दिसत असले तरीही वॉकीटॉकी, कारण मध्ये ट्रक उभा राहिला की दिसणं संपलं. साधन नसेल तर जुनी युक्ती: शेवटच्या गाडीच्या चालकाकडे एक रंगीत दांडी द्यायची. ती पलीकडे पोचल्याशिवाय तिकडची गाडी सोडायची नाही.

झेंडीवाला लेनच्या बाहेर, कडेला उभा राहील. पहिली गाडी थांबेपर्यंत तो मध्ये येणार नाही. पाठीमागे पळायला मोकळी जागा हवी, भिंत किंवा बॅरियर नको. सावलीत उभा राहिलेला झेंडीवाला उन्हातून येणाऱ्याला दिसत नाही, आणि सावलीत उभं राहण्याचा मोह त्याला होणारच. छत्री बसवून द्या, पाणी द्या, दर दोन-एक तासांनी बदली माणूस द्या.

सिग्नल लावणार असाल तर दोन्हीकडे लाल राहण्याचा वेळ नीट काढा. पट्टा २०० मीटरचा आणि गाड्या ताशी २० ने जात असतील तर शेवटची गाडी बाहेर पडायला ३६ सेकंद. ताशी १२ ने जाणाऱ्या सायकलला पूर्ण मिनिट. जो सर्वांत हळू त्याच्या हिशेबाने वेळ ठेवा.

तपासा: शेवटची सायकल पट्ट्याच्या मध्यावर असताना समोरचा दिवा हिरवा होतो का? स्वतः चालवून पाहा.

## ९. रात्र

एकदा एका साइटवर सगळं चोख होतं, तरी तासाभरात तीन गाड्यांनी कोन पाडले. मी रागारागाने झेंडीवाल्याला बोललो. मग त्या बाजूने गाडी घेऊन आलो तेव्हा कळलं. खड्ड्यावर प्रकाश हवा म्हणून लावलेला हॅलोजन सरळ माझ्या डोळ्यांत येत होता. कोन, पाटी, माणूस, काहीच दिसेना. दिवा उंच चढवून खाली वळवला आणि प्रश्न मिटला. दिवा लावला की दोन्ही दिशांनी गाडीतून जाऊन पाहायचं, हे मी तेव्हापासून सोडलेलं नाही. झेंडीवाल्याची माफीही मागितली.

निमुळत्या पट्ट्यावर लुकलुकणारे दिवे, प्रत्येक माणसाला परावर्तक पट्ट्यांचं जॅकेट, आणि झेंडीवाल्यावर स्वतंत्र प्रकाश. त्याचं जॅकेट धुळीने माखलं असेल तर ते फक्त नारिंगी कापड आहे.

## १०. काम चालू असताना

दर दोन तासांनी एक ठरलेला माणूस पूर्ण पट्टा पाहून येईल आणि वहीत वेळ लिहील: पडलेले कोन, वळलेल्या पाट्या, विझलेले दिवे, रांगेचं शेपूट कुठे पोचलं. रांग पहिल्या पाटीच्या पलीकडे गेली असेल तर पाटी लगेच मागे न्या. कोनावर टायरचे काळे ठसे किंवा रस्त्यावर ब्रेकच्या खुणा दिसल्या तर तिथे अपघात व्हायचा थोडक्यात राहिला आहे. कोन सरळ करून पुढे जाऊ नका, कारण शोधा.

साइटच्या आतली वाहनं हा वेगळा धोका. मागे घेताना इशारा देणारा माणूस नसेल तर डंपर हलणार नाही, एवढा एकच नियम कडक ठेवा. खणलेली माती चराच्या काठापासून निदान ६० सेंटिमीटर दूर टाका, नाहीतर काठ ढासळतो. रात्री चर लोखंडी पत्र्याने झाकून रस्ता चालू करणार असाल तर पत्रा हलणार नाही असा बसवा आणि पृष्ठभाग खरखरीत हवा. ओल्या गुळगुळीत पत्र्यावर दुचाकी हमखास घसरते.

दिवसाचं काम संपलं, माणसं गेली, तरी "पुढे माणसं काम करत आहेत" ही पाटी उभीच असते. झाका किंवा आडवी पाडा. नुसती बाजूला वळवलेली पाटी कोणाला तरी दिसतेच.

## ११. उचलताना

मांडताना शिस्त असते, उचलताना घाई. सगळे थकलेले, टेम्पो उभा, आणि कोणीतरी जवळची म्हणून सूचनेची पाटीच आधी उचलतो. मग कोन गोळा करणारा माणूस रस्त्यावर आणि येणाऱ्याला काहीच माहीत नाही.

उलटा क्रम ठेवा. रस्ता झाडून घ्या, खडी आणि खिळे राहिलेले नाहीत हे पाहा, यंत्रं बाहेर काढा. मग शेवटचा पट्टा, कामाची कड, मोकळा पट्टा. निमुळती ओळ आतल्या टोकापासून मागे मागे येत उचला, मागे दिव्यांची गाडी ठेवून. त्यानंतर पाट्या, आणि जी सर्वांत आधी लावली होती ती सर्वांत शेवटी.

झाकलेल्या कायमच्या पाट्या उघडा. पर्यायी मार्गावरचे बाण मोजून परत आणा. बारा लावले होते तर टेम्पोत बारा हवेत. दोन किलोमीटरवरच्या चौकातला एक बाण हमखास राहतो, आणि पुढचे कित्येक दिवस ट्रकवाले विनाकारण कोणाच्या तरी गल्लीत शिरत राहतात.